परराष्ट्र क्षेत्रात जायचं म्हणते लेक : मुंबईतून सुरुवात कुठून करायची?

मुलुंडची_आई

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

लेक माटुंग्याच्या एका कॉलेजात एस.वाय.ला आहे, राज्यशास्त्र घेऊन. गेल्या आठवड्यात भात कालवता कालवता म्हणाली, "आई, मला परराष्ट्र सेवेत जायचंय. तिथे नाही जमलं तर त्याच क्षेत्रात दुसरं काही. पण क्षेत्र तेच."

हे तिच्या मनात कधीपासून आहे ते मला माहीत आहे. माझ्या जावेचा मुलगा युक्रेनमध्ये खारकीवला मेडिकलला होता. २०२२ च्या मार्चमध्ये, तिथे युद्ध पेटलेलं असताना, आपल्या दूतावासाची सूचना आली : खारकीव ताबडतोब सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्का गाठा, गाडी मिळाली नाही तर चालत जा. लेक तेव्हा दहावीत होती, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. तिने ती तिन्ही नावं भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली, मोबाइलच्या नकाशावर शोधली आणि त्यातलं जवळ कुठलं ते त्याला फोनवर सांगत बसली. तो पेसोचिनला चालत पोचला. पुढे पोलंड, मग घरी. ते पान तिने अजून जपून ठेवलंय.

हे बँकेत आहेत. त्यांचं म्हणणं, यूपीएससीत चार वर्षं गेली आणि काही झालं नाही तर हातात काय राहणार? दिल्लीचा खर्च झेपेल का? आणि मुलगी परदेशात एकटी कशी राहील? मला तिला अडवायचं नाहीये, पण वाटच माहीत नाही. डॉक्टर व्हायचं म्हणाली असती तर कुणाला विचारायचं ते तरी कळलं असतं. मुंबईत राहून काय करता येईल? परीक्षेशिवाय दुसऱ्या वाटा खरोखर आहेत का? अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

खारघरची_सून

आधी लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. दहावीच्या परीक्षेआधी हे करणारी मुलगी पुढे काय करेल याची मला तरी काळजी वाटत नाही. धागा वाचनखुणेत टाकलाय, माझा भाचाही हेच म्हणतोय.

कलिना_९८

ताई, मी कलिन्याला फिरोजशाह मेहता भवनात सिव्हिक्स अँड पॉलिटिक्स विभागातून एम.ए. केलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

भारतीय परराष्ट्र सेवेत जाण्याची थेट वाट एकच, यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा. कलेक्टर, पोलीस अधिकारी आणि राजदूत होणारे सगळे एकाच परीक्षेतून जातात. पूर्व, मुख्य आणि मुलाखत. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची. खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न मिळतात. सगळ्या सेवा मिळून साधारण हजार जागा निघतात, त्यात परराष्ट्र सेवेच्या फार थोड्या. २०२३ च्या परीक्षेतून ३७ भरल्या, २०२४ च्या परीक्षेतून ५५. म्हणजे यादीत बराच वरचा क्रमांक हवा आणि पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा वर टाकलेली हवी.

तुमच्या लेकीची एक जमेची बाजू आहे. मुख्य परीक्षेला 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि त्याचा दुसरा पेपर बहुतेक आंतरराष्ट्रीय संबंधांचाच असतो. ती बी.ए.ला जे वाचतेय ते वाया जाणार नाही. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा एक पात्रता पेपर मात्र सुटत नाही.

निवड झाली की मसुरीला पायाभूत प्रशिक्षण, मग दिल्लीला सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत, आणि त्यानंतर प्रत्येकाला एक परकी भाषा दिली जाते. ती भाषा जिथे बोलतात तिथल्या दूतावासात पाठवतात आणि तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. मला या सगळ्यात हा भाग सर्वांत आवडतो. पंचविशी ओलांडलेला माणूस पुन्हा अक्षरं गिरवायला बसतो!

तीन_प्रयत्न

वरची माहिती बरोबर आहे, पण मी दुसरी बाजू मांडतो. मी दादरची खोली सोडून दिल्लीत तीन वर्षं काढली. एका क्लासमध्ये सव्वा-दीड लाख भरले. क्लासचं नाव घेत नाही. वर्गात चारशे मुलं, मास्तर पडद्यावर. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेतच गेलो, दोन प्रश्नांनी.

ताई, तुमच्या मिस्टरांची भीती खरी आहे. मी घरी परतलो तेव्हा २७ वर्षांचा होतो, हातात बी.कॉम. आणि ढीगभर नोट्स. मुलाखतीत विचारायचे, तीन वर्षं काय करत होतात? 'अभ्यास' या उत्तरावर समोरचा पुढच्या कागदाकडे वळायचा. म्हणून सांगतो, परीक्षा द्या, जरूर द्या, पण तिच्या जोडीला हातात एक कौशल्य येऊ द्या. भाषा, कायदा, व्यापार, काहीही. परीक्षा हा एकच पत्ता घेऊन खेळायला बसू नका.

गिरगावकर_८३

@तीन_प्रयत्न, पोटतिडकीने लिहिलंत, पटलं. पण त्या तीन वर्षांत जे वाचलंत ते कुठेच उपयोगी पडलं नाही का?

तीन_प्रयत्न

पडलं की. आज एका शिपिंग कंपनीत आहे, बॅलार्ड पिअरला. लाल समुद्रात २०२३ च्या अखेरीला जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली, तेव्हा साहेबांना सुएझचा नकाशा काढून समजावणारा ऑफिसात मीच होतो. दहा-बारा दिवस जास्त लागणार, भाडं वाढणार, विमा वाढणार, हे मला आधी दिसलं. पण ही नोकरी मिळायला मधली दोन वर्षं गेली. मुद्दा तेवढाच आहे.

वाशीचा_आंबेवाला

तीन_प्रयत्न यांनी व्यापाराचा विषय काढला म्हणून लिहायला धीर आला. मी देवगडचा, दोन पिढ्या वाशी मार्केटला आहोत. परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीतली मोठी माणसं हात मिळवतात ते, असं मलाही वाटायचं. मग आंबा निर्यात करायला लागलो.

अमेरिकेने हापूसला दार उघडलं २००७ साली. अट अशी की फळाला किमान ४०० ग्रे विकिरण द्यायचं, म्हणजे कोयीतली कीड पुढे वाढणार नाही. युरोपला जायचं तर ४८ अंशाच्या पाण्यात तासभर बुडवून काढायचा. जपानला पाठवायचा तर गरम वाफ. आंबा एकच, झाडही एकच असेल, पण तीन देशांचे तीन संस्कार! प्रत्येक अट कुणीतरी टेबलावर बसून घासाघीस करून ठरवलेली असते.

अमेरिकेच्या अटीत आणखी एक कलम होतं, त्यांचा निरीक्षक इथे येऊन समोर उभा राहून तपासणार. २०२० ला कोविड आला, निरीक्षक येईना. फळ तयार, यंत्र तयार, गिऱ्हाईक तयार, पण तो एक माणूस विमानात बसू शकत नाही म्हणून दोन हंगाम अमेरिका बंद. २०२१ च्या शेवटी दोन्ही सरकारांचं बोलणं झालं. तपासणी आपले लोक करणार, आपला आंबा आणि डाळिंब ते घेणार, त्यांच्या चेरी आणि घोड्यांना घालतात ते अल्फाल्फा गवत आपण घेणार. २०२२ ला माल पुन्हा सुटला. त्या वर्षीची पहिली पेटी मी हाताने बांधली. गवताच्या बदल्यात हापूस सुटला, हे माझ्या वडिलांना सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, खरं का रे?

असं बोलणं करायला वनस्पतीरोग कळणारा माणूस लागतो, कायदा कळणारा लागतो आणि समोरच्याशी गोडीने बोलणारा लागतो. ताई, लेकीला म्हणावं एकदा एप्रिलात पहाटे वाशीला ये. मी दाखवतो.

कांदेबटाटे

आंबेवाले दादा, आंब्याचा निदान शेवट गोड झाला. कांद्याचं काय! डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती थेट मे २०२४ ला उठली. नाशकातला शेतकरी रडला आणि तिकडे ढाक्यात कांदा महागला. शेजारी देशात आपल्याबद्दल काय मत होतं ते अशाच गोष्टींवरून ठरतं. दिल्लीत निर्णय घेताना लासलगावचाही विचार हवा आणि ढाक्याचाही. दोन्ही कळणारी माणसं कमी आहेत. तुमच्या मुलीने तेवढं शिकून घेतलं तरी पुष्कळ.

गिरगावकर_८३

माझं मत असं की आमच्या चाळीतल्या पार्किंगचा तंटा जो सोडवेल त्याला परीक्षा न घेता राजदूत करावं. चौदा वर्षं चर्चेच्या फेऱ्या चालू आहेत. :)

पेडररोड_निवृत्त

मी सव्वीस वर्षं मुंबईतल्या एका युरोपीय देशाच्या वकिलातीत स्थानिक कर्मचारी होते. या नोकरीबद्दल आपल्याकडे कुणालाच माहिती नसते म्हणून लिहिते.

मुंबईत कितीतरी देशांच्या वकिलाती आहेत, नरिमन पॉइंटपासून बीकेसीपर्यंत. तिथले मुख्य अधिकारी त्यांच्या देशातून येतात आणि तीन-चार वर्षांत जातात. ऑफिस चालतं ते आपल्या लोकांवर. व्यापार विभाग, माध्यम विभाग, संस्कृती, व्हिसा, शिष्टाचार. जाहिरात बहुतेक वेळा त्यांच्या संकेतस्थळावर येते. यूपीएससी नाही, वयाचं बंधनही तितकं कडक नाही. मात्र तिथे तुम्ही त्या देशासाठी काम करत असता, आपल्या देशाचे प्रतिनिधी नसता. हा फरक लेकीला आधीच समजावून सांगा. काहींना तो चालतो, काहींना रुतून बसतो.

माझं पहिलं काम सकाळचं. साडेसहाला मराठी वर्तमानपत्रं समोर घ्यायची आणि साहेब नऊला येण्याच्या आत दोन पानी गोषवारा इंग्रजीत टेबलावर. 'रास्ता रोको' लिहायला मला पहिल्यांदा अर्धा तास लागला. शब्दाचं भाषांतर सोपं होतं, पण त्या शब्दामागे किती लोक, किती तास, हिंसा होईल की नाही, हे सगळं साहेबाला हवं असायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी साहेबाने विचारलं, ही मिठी नदी कुठे आहे, मला नकाशावर कधी दिसली नाही? मी पेन्सिलने काढून दाखवली, विहारपासून माहीमपर्यंत. तो कागद त्याच्या देशाच्या राजधानीत अहवालाला जोडून गेला.

मराठी नीट येणं ही त्या नोकरीत माझी सर्वांत मोठी पुंजी होती. मुलीला इंग्रजी सुधारायला सांगणारे शंभर भेटतील. तिला रोज एक मराठी अग्रलेख इंग्रजीत उतरवायला सांगा.

कलिना_९८

@पेडररोड_निवृत्त, काय सुंदर प्रतिसाद! मिठीचा किस्सा कायम लक्षात राहील.

जर्मन_शिकवते

भाषेचा विषय निघालाच आहे तर माझे दोन शब्द. एस.वाय.ला असताना भाषा सुरू करणं हे उत्तम वय आहे. मुंबईत सोय भरपूर : जर्मनला काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचला मरीन लाइन्सचं आलियान्स फ्रान्सेझ, रशियनला पेडर रोडचं रशियन हाउस, आणि कलिन्याला विद्यापीठाचे भाषाविभाग आहेतच.

पालक मला विचारतात, कुठली भाषा 'चालते'? मी सांगते, जिच्या देशाबद्दल मुलीला ओढ आहे ती. कारण बी वन, म्हणजे मधल्या, पातळीच्या पुढे नुसत्या फायद्याच्या आशेवर कुणी टिकत नाही. माझ्या वर्गात तीसजण सुरू करतात, बी टू ला पोचतात चार-पाच. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत : अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये जायचं डोक्यात असेल तर यातली एक बरी. पण अर्धवट फ्रेंचपेक्षा अस्खलित फारसी कधीही वरचढ.

माहीमचा_मोहल्ला

दोन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको करत होतो.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा माझे अब्बा तिथे एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. मी सात वर्षांचा. घरात फोन नव्हता, खालच्या इराण्याकडे फोन यायचा. सहा आठवडे काही खबर नाही. अम्मी रोज संध्याकाळी इराण्याच्या गल्ल्यापाशी उभी राहायची, तो नुसता मान हलवायचा. मग एक दिवस माहिती आली की बसने बगदादवरून जॉर्डनला, अम्मानला येताहेत आणि तिथून एअर इंडियाची विमानं सुटताहेत.

अब्बा सहारला उतरले तेव्हा हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, त्यात एक शर्ट आणि पाना. तेरा नंबरचा पाना. बाकी सगळं तिकडेच राहिलं. तो पाना का आणला हे त्यांनाही सांगता आलं नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत दीड लाखाहून जास्त माणसं परत आणली आपल्या देशाने.

अब्बा नेहमी सांगायचे, अम्मानला एका शामियान्यात आपल्या दूतावासातला एक पोरगा खुर्चीवर बसून वहीत नावं लिहीत होता. डोळे लालबुंद. अब्बांचे कागद अर्धे हरवलेले. तो म्हणाला, "चाचा, बंबई में घर के पास कौन सा स्टेशन है?" अब्बा म्हणाले, माहीम. "उसके बाद?" माटुंगा रोड. "आगे?" दादर. त्याने मान डोलावली आणि नाव लिहून घेतलं. ताई, तुमची मुलगी ते तीन गावांचं पान जपून ठेवते म्हणालात ना. तिला त्या पोराची गोष्ट सांगा. राजदूत वगैरे नंतर, आधी ही खुर्ची.

खारघरची_सून

डोळ्यांत पाणी आलं. अब्बा कसे आहेत आता?

माहीमचा_मोहल्ला

२०१६ ला गेले. पाना माझ्याकडे आहे.

बदलीचं_सामान

माहीमच्या दादांनंतर लिहिणं अवघड आहे, पण आमची वाटही सांगायला हवी. माझे यजमान केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर झाले. कुठलीही पदवी चालते, यूपीएससीपेक्षा जागा जास्त आणि परदेशी बदली यातही होते. दूतावासात पासपोर्ट, हिशेब, प्रशासन, मृतदेह मायदेशी पाठवायचे कागद, तुरुंगातल्या भारतीयांच्या भेटी, हे सगळं करणारी माणसं हीच. तीन देश झाले आमचे.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. दर तीन वर्षांनी घर खोक्यांत भरायचं. मुलाने तीन शाळांमध्ये तीन वेळा पहिला दिवस काढला. सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही आफ्रिकेत होतो, दोन विमानं बदलून पोचलो तेव्हा दहावा झाला होता. मोदकपात्र मात्र प्रत्येक देशात नेलं. गणपतीत तिथले मराठी लोक आमच्याकडे यायचे. एका वर्षी नारळ मिळेना, डबाबंद किसावर उकडीचे केले आणि चौदाजण जेवले. मी हे आयुष्य पुन्हा निवडेन. पण निवडताना हे सगळं माहीत असावं.

वकीलसाहेबा

मुलगी परदेशात एकटी कशी राहील, हा वडिलांचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून मी घेते.

सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत आल्या, त्या सेवेतल्या पहिल्या महिला. तेव्हा नियमच होता की महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यायची आणि लग्नामुळे कामात अडचण येते असं वाटलं तर राजीनामा मागता येईल. पुरुषांना असं काही नाही. बढती नाकारली गेली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ चा न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांचा निकाल आम्ही कायद्याच्या पहिल्या वर्षाला वाचतो. आज मुली ज्या दारातून सहज आत जातात ते दार एका बाईने कोर्टात जाऊन उघडलंय. काळजी वडिलांना वाटणारच, पण मुलींना जमतं का हा प्रश्न कधीच निकालात निघालाय.

आणि कायदा हीसुद्धा वाट आहे बरं. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला भारताच्या बाजूने जो निकाल दिला तो व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमावर उभा होता. परक्या देशात अटक झाली तर आपल्या वकिलातीला भेटण्याचा हक्क, एवढंच ते कलम. हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेतली हे सगळ्यांना आठवतं, त्या कलमाचा अभ्यास करून कागद तयार करणारे लोक कुणाला आठवत नाहीत. बी.ए. नंतर तीन वर्षांचं एल.एल.बी. मुंबईतच होतं. यूपीएससीचं वयही हातात राहतं.

औंधकर

थोडं अवांतर, पण राहवत नाही. या क्षेत्रात मराठी माणूस नाही असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. आमच्या औंधचे अप्पासाहेब पंत १९४८ ला नैरोबीला भारताचे आयुक्त झाले, पुढे सिक्कीम, पुढे लंडन. बाळ गंगाधर खेर, मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री, १९५२ ते ५४ लंडनला उच्चायुक्त होते. यशवंतराव चव्हाण १९७४ पासून ७७ पर्यंत परराष्ट्रमंत्री. अब्दुललाटसारख्या गावातून आलेले ज्ञानेश्वर मुळे जपानी शिकले, मालदीवला उच्चायुक्त झाले, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत. विजय गोखले चिनी शिकले आणि परराष्ट्र सचिव झाले. यादी छोटी असेल, पण नाही असं नाही.

कलिना_९८

औंधकर काका, अवांतर नाही, हे हवंच होतं.

मुंबईतल्या आणखी दोन-तीन जागा राहिल्या होत्या. कुलाब्याला गेटवे हाउस ही अभ्याससंस्था २००९ पासून आहे, ओआरएफ या तशाच संस्थेचंही मुंबईत केंद्र आहे. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना इंटर्नशिप मिळते. व्याख्यानांना तरी जायला लागा, मागच्या रांगेत बसून ऐकलं तरी खूप कळतं. कफ परेडला एक्झिम बँकेचं मुख्यालय आहे, परदेशांना भारत जी कर्जं देतो त्यातली बरीच तिथून जातात. आणि यूपीएससीसाठी दिल्लीच हवी असं नाही. फोर्टमध्ये सीएसएमटीजवळ एसआयएसी ही राज्य सरकारची यूपीएससीची तयारी करून घेणारी संस्था आहे, प्रवेशपरीक्षा देऊन आत गेलं की शिकवणीचा खर्च नाही. पुढे एम.ए. साठी दिल्लीला जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे. तिथली फी हा तुमचा प्रश्न उरणार नाही.

तीन_प्रयत्न

एसआयएसीचं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! ताई, हे नक्की करा. आणि एक, परदेशी एम.ए. करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला चाळीस लाखांचं कर्ज काढून पैसे देऊ नका. माझ्या मित्राने केलं. पदवी आली, पण व्हिसाची मुदत संपेपर्यंत त्या क्षेत्रातली नोकरी आली नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी.

जर्मन_शिकवते

+१. शंभर टक्के अनुमोदन.

मुलुंडची_आई

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला हवं होतं, पण घरात काय काय झालं ते एकत्रच लिहिते.

धागा लेकीला वाचायला दिला. तिने रात्री एका बैठकीत वाचला. सकाळी हे चहा घेत होते, तिने मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला आणि माहीमच्या दादांचा प्रतिसाद उघडून दिला. यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. काही बोलले नाहीत. संध्याकाळी बँकेतून आले ते विचारतच, "ती फोर्टची संस्था कुठे म्हणाले? सीएसएमटीच्या कुठल्या बाजूला?" एवढ्यावर मी काय समजायचं ते समजले.

ठरलं ते असं. टी.वाय. पूर्ण करायचं. त्याबरोबर रशियन, पेडर रोडला. मी म्हटलं फ्रेंच घे, सगळे फ्रेंच घेतात. तर म्हणाली, जर्मनवाल्या ताईंनी ओढ असलेली भाषा घ्यायला सांगितलीय. पदवीनंतर एसआयएसीची प्रवेशपरीक्षा, आणि ती नाही जमली तर एल.एल.बी. करायचं. यूपीएससीचे प्रयत्न किती ते हिने स्वतःच ठरवलंय, तीन. सहा मिळत असले तरी तीनच. हा आकडा तिने बाबांसमोर सांगितला.

अग्रलेखाचं भाषांतर रोज चाललंय. काल 'उंटावरचा शहाणा' वर गाडी अडली, तासभर वाद झाला आमच्यात. पेडररोडच्या ताई, सुचत असेल तर सांगा.

परवा ती भूगोलाची वही टेबलावर उघडी दिसली. तीन गावांच्या नावांखाली तिने तीच नावं रशियन अक्षरांत लिहिलीत. पहिलं खोडून दोनदा लिहिलंय.

आंबेवाले दादा, पहाटे म्हणजे किती वाजता? हेही येतो म्हणताहेत.

वाशीचा_आंबेवाला

ताई, पाचला या. त्याआधी आलात तर गाड्या खाली होताना दिसतील. मुलीला जुनी चप्पल घालायला सांगा, खाली चिकाने चिकटतं. फळ बाजाराच्या गेटवर येऊन फोन करा, नंबर निरोपातून पाठवतो. चहा माझ्याकडे.

पेडररोड_निवृत्त

'उंटावरचा शहाणा' शब्दशः उतरवायचा नाही. साहेबाला आधी उंटाची गोष्ट दोन ओळींत सांगायची, मग अग्रलेखात तो कुणाला म्हटलंय ते. तिने काय लिहिलंय ते इथे टाका, बघते.